पहिला गेमिंग पीसी? आधी एसएमपीएस बघा!

पहिला मोठा बोनस हातात पडला, की पावलं आपोआप लॅमिंग्टन रोडकडे वळतात. डोक्यात एकच, ग्राफिक्स कार्ड! माझंही तसंच झालं. निम्म्याहून जास्त बजेट कार्डात घातलं आणि एसएमपीएस घेतला हाताला लागेल तो, स्वस्तातला. तीन महिन्यांनी गेम ऐन रंगात आलेला असताना 'फट्ट'! जाताना तो मदरबोर्डही घेऊन गेला.

तेव्हा बॉस, उलटं चला. आधी मॉनिटर ठरवा आणि त्याला पुरेल एवढंच कार्ड घ्या. फोर-के परवडेल का, ते पगाराला विचारा. मग कार्डाची भूक मोजा. २०२५ मध्ये आलेलं एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०९० एकटंच ५७५ वॉटपर्यंत वीज खातं. कंपनीच १००० वॉटचा एसएमपीएस सुचवते. प्रोसेसर एएमडीच्या एएम५ सॉकेटचा घेणार असाल, तर रॅम डीडीआर५च लागेल. जुन्या पीसीतली डीडीआर४ चालणार नाही.

आणि डब्यावरच्या '८० प्लस गोल्ड'वर भाळू नका. त्याचा अर्थ वीज कमी वाया जाते, एवढाच. ओव्हरलोड आणि शॉर्टसर्किटपासून संरक्षण आहे का, वॉरंटी किती वर्षांची, हे वेगळं विचारा. रंगीबेरंगी आरजीबी दिवे काय, पुढच्या बोनसलाही येतील!