गिझर, प्लग आणि ओहमचा नियम

गिझरवर एक छोटीशी पट्टी असते. तिच्यावर बहुधा '२३० व्होल्ट, २००० वॅट' असे छापलेले असते. या दोन आकड्यांकडे आपण क्वचितच लक्ष देतो. परंतु गिझर कोणत्या प्लगला जोडावा, तो वीज किती खाईल आणि भिंतीतील वायर सुरक्षित राहील की नाही, या प्रश्नांची उत्तरे त्यांतच दडलेली आहेत.

विजेच्या वहनाची तुलना नळाच्या पाण्याशी करता येते. टाकी जितकी उंच, तितका पाण्याचा दाब अधिक. विजेचा दाब व्होल्टमध्ये, तर प्रवाह अँपिअरमध्ये मोजतात. अरुंद नळी पाण्याला अडवते, त्याप्रमाणे तारेचा रोध विजेला अडवतो. त्याचे एकक ओहम. जर्मन शिक्षक जॉर्ज सायमन ओहम यांनी १८२७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या तिघांचे नाते मांडले. दाबाला प्रवाहाने भागले की रोध मिळतो. मायदेशी प्रारंभी उपेक्षा झालेल्या या संशोधनाचा लंडनच्या रॉयल सोसायटीने १८४१ साली कोप्ली पदक देऊन गौरव केला. दुसरे सूत्रही तितकेच सोपे आहे. दाब आणि प्रवाह यांचा गुणाकार म्हणजे शक्ती, आणि तिचे एकक वॅट.

आता गिझरचे गणित मांडू. २००० ला २३० ने भागल्यास प्रवाह येतो सुमारे ८.७ अँपिअर. २३० ला ८.७ ने भागल्यास रोध येतो सुमारे २६.४ ओहम. गिझर अर्धा तास चालला, तर एक युनिट वीज खर्च होते.

समजा, सायंकाळी दाब २०० व्होल्टपर्यंत उतरला. गिझरच्या कॉइलचा रोध जवळपास तोच राहतो. त्यामुळे प्रवाह ७.६ अँपिअरवर येतो आणि शक्ती उरते सुमारे १५०० वॅट. दाब १३ टक्के घटला, पण उष्णता २४ टक्के घटली! पाणी लवकर का तापत नाही, याचे हे उत्तर. पंखा, फ्रिज अशा मोटर असलेल्या उपकरणांना मात्र हे साधे गणित जसेच्या तसे लागू पडत नाही.

खरा धोका प्लगपाशी असतो. घरातील लहान प्लग ६ अँपिअरचा, तर मोठा १६ अँपिअरचा असतो. अॅडॅप्टर लावून गिझर लहान प्लगवर चालवला, तर त्यातून क्षमतेच्या जवळपास दीडपट प्रवाह वाहतो. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ती दुपटीहून अधिक होते.

जोड सैल असेल तर संकट अधिकच छुपे असते. सैल पिनेपाशी अवघा अर्धा ओहम रोध निर्माण झाला, तरी तेवढ्याशा जागेत सुमारे ३६ वॅट उष्णता तयार होते. सोल्डरिंगची लहान इस्त्री एवढ्यावर तापते! विशेष म्हणजे रोध वाढल्याने एकूण प्रवाह किंचित कमीच होतो. त्यामुळे एमसीबीला काहीच खटकत नाही आणि ती पडत नाही. प्लास्टिक मात्र वितळू लागते.

म्हणून गिझर, इस्त्री, हीटर यांच्या वॅटला २३० ने एकदा भागून पाहावे. उत्तर ६ च्या वर गेले, तर मोठाच प्लग वापरावा. प्लग हाताला गरम लागला किंवा काळवंडलेला दिसला, तर मुख्य स्विच बंद करून इलेक्ट्रिशियनला बोलवावे.