गोपिकाबाईंचं काय झालं

दूरदर्शनवर ‘स्वामी’ लागायची, तेव्हा पेठेतल्या आमच्या वाड्यात चौकातला नळसुद्धा कुणी सोडत नसे. ज्याच्याकडे टीव्ही होता त्याच्या माजघरात अख्खा वाडा बसलेला असायचा. पेठ सदाशिव, पलीकडची नारायण. पानिपतावर गेलेले सदाशिवरावभाऊ आणि शनिवारवाड्यात मारले गेलेले नारायणराव ही आमची पत्त्यातली माणसं. त्यामुळे पडद्यावर थोरले माधवराव बोलायला लागले की घरातलंच कुणी बोलतंय असं वाटायचं.

रणजित देसाईंची कादंबरी 1962 ची. गजानन जागीरदारांनी तिची मालिका केली. प्रभातच्या 1944 च्या ‘रामशास्त्री’त रामशास्त्र्यांची भूमिका करणारे तेच जागीरदार. रवींद्र मंकणींचे माधवराव आणि मृणाल देव यांच्या रमाबाई एका पिढीच्या मनात इतक्या ठसल्या, की माधवराव म्हटलं की आजही आम्हाला मंकणीच दिसतात. रमा-माधवाची जी हळुवार बोलणी आम्ही पाठ केली, ती देसाईंची होती, कागदपत्रांतली नव्हती, हे मला फार उशिरा कळलं. त्याचं वाईट वाटलं नाही. माधवरावांचं शनिवारवाड्यातलं एकटेपण, काका राघोबादादांशी झालेली भांडणं, क्षयानं पोखरलेलं शरीर, 18 नोव्हेंबर 1772 ला थेऊरला झालेला शेवट आणि रमाबाईंचं सती जाणं हा सांगाडा खरा होता. कल्पना त्याच्या आतल्या मोकळ्या जागेत वावरत होती.

पुण्यातले प्रेक्षक चुका काढण्यात पटाईत. पेशव्यांच्या डोक्यावर दिसणाऱ्या पुणेरी पगडीवरून मी स्वतः वाद घातला आहे. आज जिला आपण पुणेरी पगडी म्हणतो, तिचा घाट एकोणिसाव्या शतकातला आहे. सेटवरच्या शनिवारवाड्याचंही तेच. 1730 साली पाया घातलेला आणि दोन वर्षांत वास्तुशांत झालेला तो मूळ वाडा 16,110 रुपयांत उभा राहिल्याची नोंद सांगितली जाते. दगडी जोतं, विटा, सागवानी खांब असं ते बांधकाम. 1828 च्या आगीत वरचं बहुतेक लाकूडकाम गेलं. पडद्यावर मात्र झुंबरं आणि आरसे लावलेला राजस्थानी थाटाचा महाल उभा राहतो. ज्यांना पेशवाईतलं लाकूडकाम पाहायचं असेल त्यांच्यासाठी विश्रामबागवाडा आजही उभा आहे. तिथले कोरीव खांब पाहून सेट करणं अशक्य नव्हतं.

तरी पगडी आणि झुंबरं मी माफ करतो. खरा घोळ पुढे, आठवड्यातून एकदा लागणारी मालिका रोजची झाली तेव्हा सुरू झाला. इतिहासातल्या घटना मोजक्या, भाग मात्र शेकड्यांनी. मधल्या रिकाम्या संध्याकाळी कशानं भरायच्या? कौटुंबिक मालिकांतली सासू हाताशी होतीच. तिला नऊवारी नेसवून वाड्यात आणलं.

2012 ची ‘उंच माझा झोका’ या वळणावर वेगळी दिसते. तिथे घरातली धुसफूस लेखकाला रचावी लागली नाही. रमाबाई रानड्यांनी ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’मध्ये घरच्या बायकांचे टोमणे आणि शिकण्यापायी सोसलेला त्रास स्वतःच लिहून ठेवला आहे. 1873 साली त्यांचं लग्न झालं, त्याच्या आसपासचं पुणं त्या पुस्तकात जिवंत आहे. साक्षीदार घरातलाच असला की दैनंदिन मालिकेलाही वाट सापडते.

‘स्वराज्यरक्षक संभाजी’ या मालिकेचं ऋण मी मान्य करतो. नाटक-सिनेमांनी संभाजीराजांना कित्येक वर्षं बेताल रंगवलं होतं. त्या प्रतिमेमागे मल्हार रामराव चिटणीसांची बखर होती, राजांच्या मृत्यूनंतर शंभराहून अधिक वर्षांनी लिहिलेली. वा. सी. बेंद्र्यांनी आयुष्याची वर्षं घालून 1960 साली चरित्र काढलं, 1971 मध्ये कमल गोखल्यांचं ‘शिवपुत्र संभाजी’ आलं, तरी तो बदल अभ्यासकांच्या कपाटाबाहेर फारसा आला नव्हता. 2017 ते 2020 या काळात तो घराघरात पोचला. ही मोठी गोष्ट आहे. पण एका माणसावरचा डाग पुसताना सावत्र आई सोयराबाई आणि कारभारी अण्णाजी दत्तो यांच्यावर तो दुप्पट घट्ट बसला, हेही मी त्याच संध्याकाळी पाहिलं.

राघोबादादांच्या पत्नी आनंदीबाईंच्या ‘ध चा मा’चं तर विचारूच नका. 30 ऑगस्ट 1773 चा नारायणरावांचा खून खरा, गारदी खरे. ‘धरावे’चं ‘मारावे’ करणारी एका अक्षराची ती फिरवाफिरव मात्र प्रत्येक पिढीनं नव्यानं रंगवून घेतली, आणि आता ती शंकेच्या पलीकडे जाऊन बसली आहे.

2019 ला ‘स्वामिनी’ आली. ‘स्वामी’तलीच रमा, तोच वाडा. सृष्टी पगारेची छोटी रमा गोड होती, ऐश्वर्या नारकरांनी केलेल्या माधवरावांच्या आई गोपिकाबाई करारी होत्या. पण त्या करारीपणाला काम एकच दिलेलं: गरिबाघरच्या सुनेला नाकारायचं. कागदांतला झगडा सुनेशी नव्हता. मुलाच्या राज्यकारभारात आईचा शब्द कुठवर चालावा, हा तो प्रश्न होता, आणि तो विकोपाला गेल्यावर त्या नाशिकजवळ गंगापूरला जाऊन राहिल्या. पेशवे दफ्तर याच शहरात आहे. इतिहासकार गो. स. सरदेसायांनी त्यातले निवडक कागद 45 खंडांत छापून ठेवले आहेत. 1910 साली स्थापन झालेलं भारत इतिहास संशोधक मंडळ सदाशिव पेठेत आहे. चित्रीकरणाच्या खर्चापुढे मोडी वाचणाऱ्या एका माणसाचं मानधन कितीसं असतं?

विश्वासराव पानिपतावर गेले, माधवराव थेऊरला, नारायणराव राहत्या वाड्यात. एकामागून एक तीन मुलगे गेल्यावरही त्या आईनं लिहिणं सोडलं नाही. नातू सवाई माधवरावांनी उपदेश मागितला तेव्हा दिवस कसा घालवावा, वडीलधाऱ्यांशी आणि कारभाऱ्यांशी कसं वागावं, हे त्यांनी नाशिकहून लिहून कळवलं. 1788 साली त्या गेल्या. ते पत्र लिहायला बसलेल्या गोपिकाबाई मी अजून कुठल्याही मालिकेत पाहिलेल्या नाहीत.