आषाढातली पेरणी आणि जनाबाईचे जाते

आषाढाचे मेघ दाटून आले आणि दिंड्यांनी पंढरीची वाट धरली, की ज्यांना घर सोडून निघता येत नाही अशा भाविकांच्या अंतःकरणास हुरहूर लागते. जिंतूरच्या पंचक्रोशीत ती विशेष जाणवते. मृगाचा पाऊस लांबला तर पेरणी आर्द्रा नक्षत्रावर जाते, कापूस-सोयाबीन उगवते न उगवते तोच कोळपणी-खुरपणीची घाई उडते, आणि नेमके त्याच वेळी विठुरायाचे बोलावणे येते. त्या दिवसांत शेत सोडून जाणे म्हणजे वर्षाची भाकरी तणाच्या हवाली करणे. पेठेतील दुकानदार, एस.टी.चा चालक, शाळेतील शिक्षिका यांच्या अडचणी निराळ्या. तक्रार मात्र तीच, की देवासाठी वेळ उरत नाही.

या तक्रारीवर ‘कर्म हीच पूजा’ असे एक तयार उत्तर आपल्याकडे दिले जाते आणि त्यासाठी संतांची साक्षही काढली जाते. परंतु ते उत्तर पुष्कळदा आळसाचे पांघरूण ठरते, असे प्रस्तुत लेखकास वाटते. ज्या संत जनाबाईचे नाव या संदर्भात आवर्जून घेतले जाते, ती तर आपल्याच जिल्ह्यातील. जिंतूर परभणीच्या उत्तर टोकास, तर तिचे गंगाखेड दक्षिणेस गोदातीरी. ती ज्यांच्या घरी राबली त्या नामदेवरायांची नरसीही १९९९ साली हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत परभणीतच होती.

जनाबाई दासी होती. दिवसातील एक घटकाही तिची स्वतःची नव्हती. झाडलोट, दळण-कांडण, पाणी भरणे, शेणी वेचणे यांतच तिचा दिवस सरे. तरीही तीनशेहून अधिक अभंग तिच्या नावे गाथेत आले आहेत. दळण हेच भजन मानून ती मुकाट्याने दळत राहिली नाही. दळता दळता ती नाम घेत होती. हात पराधीन होते, वाणी तिने स्वाधीन ठेवली. काम करणे आणि कामात देवाला हाक मारणे या दोहोंतील हे अंतर आपण सहसा विसरतो. तिच्या जात्याला प्रत्यक्ष पांडुरंगाने हात लावला, ही कथा घरोघरी ठाऊक आहे. पंढरपूरजवळच्या गोपाळपुरात तिचे म्हणून दाखविले जाणारे जाते भाविक आजही श्रद्धेने पाहतात.

जनाबाईनंतर शतकानुशतके पहाटेच्या जात्यावर आयाबायांनी हीच रीत चालविली. सासुरवाशिणीला मोकळी घटका नसे, पण दळणाची घटका असे; त्या घटकेत तिने विठ्ठलाला भाऊ केले, रुक्मिणीला माहेर सांगितले. पुढे पिठाची गिरणी आली. हातांचे कष्ट वाचले, हे उत्तमच झाले. मात्र जात्याबरोबर ओवीही उठून गेली, आणि वाचलेला प्रहर कोठे गेला याचा हिशेब कोणी ठेवला नाही! हेमा राइरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी गावोगाव हिंडून अशा एक लाखाहून अधिक ओव्या संग्रहित केल्या, म्हणून तो ठेवा कागदावर तरी उरला.

सत्ता हाती असलेल्यांची गोष्ट वेगळी. एकनाथांचे सद्गुरू जनार्दनस्वामी देवगिरीचे किल्लेदार होते. गुरुवार हा त्यांचा दत्तोपासनेचा दिवस, आणि त्या दिवशी किल्ल्याच्या कारभारास सुटी असे, अशी परंपरा सांगते. एवढा अधिकार आपल्यापैकी कितीजणांपाशी असतो? ज्यांपाशी असेल त्यांनी जरूर वापरावा. इतरांसाठी आपल्या पूर्वजांनी चातुर्मासाची योजना करून ठेविली आहे. देवशयनी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत एखादा लहानसा नेम धरावयाचा. ज्ञानदेवांचा हरिपाठ म्हणावयास पंधरा-वीस मिनिटे पुरतात. सायंकाळी दिवा लावल्यावर दूरचित्रवाणी सुरू होण्यापूर्वी तो म्हटला, तर घरातील मुलांच्याही कानी पडतो. मोठा संकल्प श्रावणातच गळून पडतो. लहान नेम दिवाळी ओलांडतो.

आणि ज्यांचा पाय यंदाही वावरातून निघणार नाही, त्यांनी अरणचे स्मरण करावे. सोलापूर जिल्ह्यातील त्या गावी सावता माळ्यांनी आयुष्यभर मळा राखला. पंढरी एवढी जवळ असूनही ते वारीस गेले नाहीत. मळ्यातच त्यांचे नामस्मरण अखंड चाले. आषाढीस सर्व संतांच्या पालख्या पंढरपुरी येतात, सावतोबांची येत नाही. आषाढ वद्य चतुर्दशीस त्यांची पुण्यतिथी असते, तेव्हा पांडुरंगाचीच पालखी पंढरपुराहून निघून अरणला जाते.