माळ्यावर रिव्हॉल्व्हर सापडलं तर?

समजा, मिरजोळ्यातल्या तुमच्या जुन्या घरी माळ्यावरच्या ट्रंकेत पणजोबांचं रिव्हॉल्व्हर सापडलं. रील नंतर! घोड्याला, चापाला हात न लावता आधी पोलीस स्टेशनला कळवा. ‘शोपीस आहे हो’ म्हणून भागत नाही. दुरुस्त करूनही चालणार नाही असं जुनं हत्यारच शस्त्र कायद्यातून सुटतं. बाकीच्याला परवाना हवाच.

प्रत्येक गोळीआधी घोडा अंगठ्याने मागे ओढावा लागतो, ते ‘सिंगल अ‍ॅक्शन’. १८७३ चं कोल्ट त्यातलं सगळ्यात गाजलेलं. त्याच्यावर १८७१, १८७२ अशी सालं दिसली तर फसू नका, ती पेटंटची. बनावटीचं साल कळतं सीरियल नंबरवरून. किंमत ठरते ती मूळ झिलई, सुट्या भागांवरचे जुळणारे नंबर आणि कागदपत्रं यांवर. त्यामुळे पितांबरी लावून घासलंत, तर किंमतही घासली जाणार. आणि नंबर पुसणं हा तर गुन्हाच.

भगतसिंगांचं कोल्ट पिस्तूल इंदूरच्या बीएसएफ संग्रहालयात इतर हत्यारांमध्ये पडून होतं. ओळख पटली ती जुन्या नोंदीतल्या १६८८९६ या नंबरवरून. तेव्हा ट्रंकेतला परवान्याचा पिवळा कागद रद्दीत टाकू नका. खरा ऐवज कदाचित तोच असेल.