एका युरोच्या घराचा हिशेब

इटलीतील कुठल्याशा डोंगरी गावात जुने दगडी घर एका युरोला, म्हणजे आपल्या शंभर रुपयांच्या आगेमागे, विकावयास काढले आहे अशी वार्ता गेली कित्येक वर्षे अधूनमधून आपल्या वृत्तपत्रांतही झळकत असते. मुंबईच्या बऱ्याशा वस्तीत ज्या रकमेला एक चौरस इंच जागाही मिळावयाची नाही, त्या रकमेत दुमजली घर, माळा, तळघर आणि वर भूमध्य समुद्राची हवा! वाचणाऱ्याच्या मनात क्षणभर हेवा उत्पन्न व्हावा, यात नवल नाही. बहुतेक जण तो हेवा चहाबरोबर गिळून कामाला लागतात. परंतु नोकरीनिमित्त युरोपात स्थिरावलेल्या मराठी तरुणांपैकी काहींना हा विषय आता करमणुकीचा राहिलेला नाही. माझ्या एका माजी विद्यार्थ्याने म्युनिकहून अशाच एका घराचा तपशील पाठवून अभिप्राय विचारला, तेव्हा या प्रश्नाचा थोडा खोलात जाऊन विचार करणे भाग पडले.

प्रथम त्या एका युरोविषयी. ही कल्पना प्रथम गाजली ती २००८ साली. सिसिलीतील सालेमी गावाचे तेव्हाचे महापौर, कलासमीक्षक व्हित्तोरियो स्गार्बी यांनी १९६८ च्या बेलिचे खोऱ्यातील भूकंपात मोडकळीस आलेली घरे नाममात्र किमतीस देण्याचा मनोदय जाहीर केला होता. पुढे अनेक गावांनी तिचे अनुकरण केले. साम्बुका दि सिचिलिया या गावाने २०१९ साली सोळा घरे एका युरोपासून लिलावात काढली, तेव्हा बोली पंचवीस हजार युरोपर्यंत चढली. याच गावाने २०२१ साली मूळ बोली दोन युरो व २०२४ साली तीन युरो ठेवली. पाच वर्षांत तिप्पट भाववाढ, असे म्हणून एखादा दलाल ग्राहकास भुलवू शकेल! वस्तुतः अशा योजनांतील खरी किंमत करारातील अटींमध्ये असते. सर्वसाधारणपणे खरेदीदाराने पाच हजार युरोच्या आसपास अनामत अथवा हमी द्यावयाची, ठरावीक मुदतीत दुरुस्तीचा आराखडा सादर करावयाचा आणि सुमारे तीन वर्षांत काम पुरे करावयाचे. न केल्यास अनामत जप्त.

वर्गात ‘ऋण किंमत’ ही संज्ञा शिकविताना विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यावर अविश्वास दिसतो. जी वस्तू घेण्यासाठी घेणाऱ्यालाच पैसे द्यावे लागतील अशी वस्तू बाजारात असेलच कशी, असा त्यांचा प्रश्न असतो. एका युरोचे घर हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. घर दुरुस्त करण्यास जो खर्च येतो तो वजा केला असता दुरुस्त घराच्या बाजारभावातून जे उरते, ती पडक्या घराची तर्कशुद्ध किंमत होय. ही बाकी शून्याखाली गेली की विक्रेता ते घर फुकट द्यावयास तयार होतो. कारण त्याच्या दृष्टीने घर म्हणजे दरवर्षीची घरपट्टी आणि छप्पर कोसळून गल्लीतल्या कोणाला इजा झाल्यास अंगावर येणारी जबाबदारी. एक युरो हा केवळ विक्रीचा करार पुरा दिसावा म्हणून.

ही बाकी शून्याखाली का गेली, याचे उत्तर गवंड्याच्या दरापेक्षा देशाच्या इतिहासात अधिक सापडते. १८७६ ते १९७६ या शंभर वर्षांत सुमारे दोन कोटी साठ लाख इटालियन लोकांनी देश सोडला. त्यांतील पुष्कळ जण परतले हे खरे. पण दक्षिणेकडील डोंगराळ गावांतून जे गेले त्यांची मुले न्यू यॉर्क, ब्युनॉस आयर्स वा तोरिनोची झाली. मध्य इटलीत तोस्काना, उंब्रिया, मार्के या प्रदेशांत वेगळेच घडले. तेथे शतकानुशतके अर्धेलीची पद्धत होती. घर, जमीन मालकाची, राबणूक कुळाची आणि पीक निम्मेनिम्मे. १९६४ च्या कायद्याने असे नवे करार करण्यास बंदी आली. तोवर कुळांची तरणी पिढी कारखान्यांकडे निघालेलीच होती. रिकाम्या पडलेल्या त्या शेतघरांतील चांगली चांगली इंग्रज व जर्मन खरेदीदारांनी उचलली आणि तोस्कानातील घर हे श्रीमंतीचे चिन्ह बनले. दक्षिणेच्या अंतर्भागाच्या वाट्याला हे भाग्य आले नाही. कृषिअर्थतज्ज्ञ मान्लियो रोस्सी-दोरिया यांनी १९५८ साली दक्षिण इटलीचे वर्णन करताना सिंचित मैदानांना मांस आणि कोरड्या डोंगरी मुलखाला हाड असे म्हटले होते. आज स्वस्तात विकावयास आलेली घरे बहुतांशी या हाडावरची आहेत.

माझ्या विद्यार्थ्याने पाठविलेले घर मोलिझे प्रदेशातले. हा प्रदेश १९५१ च्या जनगणनेत चार लाखांवर लोकसंख्या असलेला. आता तो तीन लाखांच्याही खाली उतरला आहे. २०१९ साली तेथील सरकारने दोन हजारांहून कमी वस्तीच्या गावी येऊन राहणाऱ्या व काही व्यवसाय काढणाऱ्या माणसास तीन वर्षे दरमहा सातशे युरो देऊ केले होते, यावरून काय ते समजावे. घर टेकडीवरच्या गावातले, ऐंशी चौरस मीटरचे, दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक. गावाबाहेर थोडी ऑलिव्हची झाडे. मागणी अठ्ठावीस हजार युरो. त्याच जाहिरातींच्या चळतीत त्याच गावातील एक राहण्याजोगे, दुरुस्त केलेले घर पंचावन्न हजारांस होते. आता हिशेब पाहा. दुरुस्तीचा खर्च चौरस मीटरला हजार युरो धरला, आणि छप्पर, वीज, पाणी, मलनिस्सारण सारेच नव्याने करावयाचे असता हा अंदाज सढळ मुळीच नाही, तर ऐंशी हजार झाले. खरेदीवरील नोंदणी कर दुसऱ्या घरासाठी सरकारी मूल्याच्या नऊ टक्के, कायम वास्तव्याच्या घरासाठी दोन टक्के. पण कोणत्याही परिस्थितीत हजार युरोहून कमी नाही. त्यावर नोतायोचे शुल्क, दलाली (ती तेथे विकणारा व घेणारा दोघेही देतात) आणि तांत्रिक तपासणी. सव्वा लाखाच्या घरात जाणारी ही रक्कम खर्चून जे हाती येईल, ते पंचावन्न हजारांना तयार मिळत आहे. पंचावन्नातून ऐंशी वजा जाता पडक्या घराची किंमत उणे पंचवीस हजार येते आणि मालक मागतो आहे अठ्ठावीस. या त्रेपन्न हजारांच्या अंतरात आजोबांच्या घराची माया किती आणि परदेशी गिऱ्हाईक अडाणी असते ही समजूत किती, हे मालकच जाणे.

सरकारी सवलतींचा आधारही वाटतो तितका भक्कम नाही. २०२० साली इटलीने घरदुरुस्तीच्या काही कामांवर खर्चाच्या एकशे दहा टक्के करसवलत देऊ केली. परिणाम काय झाला, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यासही सांगता येईल. गवंडी, परांची आणि सामान यांचे दर भडकले. २०२३ पासून ती सवलत आवरती घेतली गेली. ज्या सवलती उरतात त्या प्राप्तिकरातून वजावटीच्या स्वरूपाच्या असल्याने इटलीत उत्पन्नच नसलेल्या माणसास त्यांचा उपयोग नाही.

पैशांइतकाच नाजूक भाग कागदपत्रांचा. कोकणातल्या सामाईक घराचा ज्यांना अनुभव आहे, त्यांना येथे परके वाटणार नाही. घर कागदोपत्री पणजोबांच्या नावावर, वारस तीन खंडांत विखुरलेले आणि विक्रीस प्रत्येकाची संमती हवी. जमीनमहसुलाच्या नोंदवहीस तेथे कातास्तो म्हणतात. तिच्यातील नकाशा आणि प्रत्यक्ष घर यांचा मेळ असणे २०१० पासून विक्रीसाठी सक्तीचे झाले आहे. बांधकाम १ सप्टेंबर १९६७ पूर्वी सुरू झाले होते, अशा निवेदनावर जुन्या घराचे खरेदीखत होऊ शकते. परंतु त्यानंतर कोणी विनापरवाना न्हाणीघर वाढविले असेल, गच्ची झाकली असेल, तर ते बेकायदा काम घराबरोबर नव्या मालकाच्या गळ्यात येते. नोतायो हा सरकारी अधिकार असलेला विधिज्ञ. मालकी शुद्ध आहे की नाही, गहाण आहे की काय, हे तो पाहतो. भिंत पोकळ आहे की कसे, हे पाहणे त्याचे काम नव्हे. त्यासाठी जेओमेत्रा म्हणून ओळखला जाणारा मोजणी व बांधकाम तज्ज्ञ स्वतः नेमावा लागतो आणि तो विक्रेत्याने सुचविलेला नसावा, एवढी दक्षता पुरे.

ऑलिव्हची ती चार झाडे मात्र दिसतात तितकी निरुपद्रवी नाहीत. शेतजमीन विकली जात असता लगतच्या कसणाऱ्या शेतकऱ्यास १९६५ व १९७१ च्या कायद्यांनी अग्रक्रयाचा हक्क दिला आहे. त्यास रीतसर सूचना देऊन तीस दिवस वाट पाहावी लागते. ती दिली नाही तर खरेदीची नोंद झाल्यापासून एक वर्षापर्यंत तो ती जमीन त्याच किमतीस स्वतःकडे ओढून घेऊ शकतो. (कसणाऱ्याचा विचार आधी करणारा हा कायदा मला व्यक्तिशः आवडतो, पण घेणाऱ्याने तो माहीत करून घेतलाच पाहिजे.) इसाऱ्याचा नियमही चोख आहे. घेणारा फिरला तर इसारा बुडाला, विकणारा फिरला तर दुप्पट परत. भारतीय नागरिकाने याहीआधी एक प्रश्न नोतायोस विचारावा. इटलीत कायदेशीर वास्तव्य नसलेल्या, युरोपीय संघाबाहेरच्या माणसास तेथे स्थावर घेता येते ते परस्परतेच्या तत्त्वावर. म्हणजे त्याचा देश इटालियन माणसास तोच हक्क देत असेल तर. आपल्याकडे भारताबाहेर राहणाऱ्या परकीय वंशाच्या परदेशी नागरिकास रिझर्व्ह बँकेच्या परवानगीवाचून घर विकत घेता येत नाही, हे ध्यानात घेता या प्रश्नाचे उत्तर इसारा देण्यापूर्वी मिळालेले बरे. आणि घर घेतले म्हणून तेथे राहण्याचा परवाना मिळत नाही. एकशे ऐंशी दिवसांत नव्वद दिवस ही पाहुण्याची मर्यादा घरमालकासही लागू आहे.

येथवरचे नुकसान पैशांचे. भूकंपाचा प्रश्न निराळा आहे आणि त्याबाबत काटकसर चालावयाची नाही. याच मोलिझेमधील सान जुलियानो दि पुल्या या गावी ३१ ऑक्टोबर २००२ रोजी शाळेची इमारत कोसळून सत्तावीस मुले व एक शिक्षिका मृत्युमुखी पडली. जुन्या दगडी बांधकामावर पुढे काँक्रीटचा वाढीव मजला चढविला होता आणि गाव तोवर भूकंपप्रवण म्हणून नोंदलेले नव्हते. त्यानंतरच, २००३ साली, साऱ्या देशाचे चार श्रेणींत फेरवर्गीकरण झाले. दगडी घराचे हलके लाकडी छप्पर काढून त्यावर जड काँक्रीटचा थर घालणे ही एके काळी ‘मजबुतीकरणा’ची मान्य रीत होती, १९९७ च्या उंब्रिया-मार्केच्या भूकंपात अशा घरांच्या भिंती त्या भाराखाली फुटल्या. याउलट योग्य रीतीने बळकट केलेले जुने घर टिकते, हेही दिसले आहे. २४ ऑगस्ट २०१६ च्या रात्री आमात्रिचे आणि भोवतालच्या गावांत मिळून सुमारे तीनशे माणसे दगावली. १९७९ व १९९७ च्या अनुभवानंतर घरे सावरून घेतलेल्या नोर्चामध्ये एकही जीव गेला नाही. तेव्हा विद्यार्थ्याला मी लिहिले की, छपरावर काँक्रीट आहे काय आणि भिंती एकमेकींशी बांधलेल्या आहेत काय, या दोन प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत स्वयंपाकघराच्या फरशीचा रंग ठरवू नये.

परंतु घर म्हणजे भिंती एवढेच नसल्याने गावाचे मोजमापही घ्यावे लागते, आणि त्यासाठी इटलीनेच एक उत्तम मापपट्टी तयार केली आहे. अर्थतज्ज्ञ फाब्रित्सियो बार्का मंत्री असताना आखलेल्या अंतर्भागविषयक धोरणात गावांची वर्गवारी मिनिटांवर केली गेली. उच्च माध्यमिक शाळा, तातडीच्या उपचारांची सोय असलेले रुग्णालय आणि बऱ्यापैकी रेल्वेस्थानक ही तिन्ही जेथे आहेत, ते केंद्र. तेथून वीस मिनिटांच्या आतले गाव निकटचे, चाळीसपर्यंतचे मधले, पंचाहत्तरपर्यंतचे दूरचे, त्यापलीकडचे अतिदूरचे. देशाचा सुमारे तीन पंचमांश भूभाग अशा अंतर्भागात मोडतो. लोक मात्र एक चतुर्थांशाहूनही कमी. रुग्णालय जवळ असले तरी त्यात डॉक्टर असतीलच असे नाही. कालाब्रिया प्रदेशाने दवाखाने चालू ठेवण्यासाठी क्यूबाहून डॉक्टर आणविले. त्याच कालाब्रियातील रियाचे गावी, १९९८ साली कुर्द निर्वासितांची नौका किनाऱ्यास लागल्यानंतर, ओस घरे निर्वासितांना राहावयास देऊन गाव जागते ठेवण्याचा प्रयोग झाला. त्याचे प्रवर्तक महापौर दोमेनिको लुकानो यांना २०२१ साली तेरा वर्षांवर शिक्षा झाली आणि २०२३ साली अपिलात ती दीड वर्षाची व स्थगित ठरली. सुट्टीतल्या परदेशी मालकासाठी घर एका युरोस आणि कायम राहावयास आलेल्या निर्धनासाठी खटला, हा विरोधाभास मला तरी अस्वस्थ करतो. उन्हाळ्यात तीन आठवडे उघडणाऱ्या घराने गवंड्याचे भले होते, पालिकेला कर मिळतो. शाळेचा पट मात्र एकानेही वाढत नाही. २०२५ सालच्या सरकारी योजनेत तर काही गावांची घसरण आता परतविता येणार नाही, त्यांना या उतरणीवर सन्मानाने साथ द्यावी, अशा आशयाचा मजकूर आला आणि शंभराहून अधिक कॅथलिक धर्मगुरूंनी जाहीर पत्र लिहून त्याचा निषेध केला.

म्हणून विद्यार्थ्याला अखेरीस एवढेच कळविले की, घर पाहावयास ऑगस्टमध्ये जाऊ नकोस. त्या महिन्यात गावदेवतेच्या उत्सवासाठी सारे चाकरमानी परतलेले असतात. गणपतीतल्या कोकणावरून कोकणातल्या वस्तीचा अंदाज बांधण्यासारखेच ते होईल. फेब्रुवारीत जा, चार दिवस मुक्काम कर. सकाळी शाळेची गाडी येते का आणि तिच्यात किती मुले चढतात, किराणा दुकान उघडे असते की आठवड्यातून एकदा फिरता टेम्पो येतो, डॉक्टर कोणत्या वारी बसतो, ज्याच्याशी भिंत सामाईक आहे त्या शेजाऱ्याच्या छपराची किल्ली कोणाकडे आहे, आणि संध्याकाळी त्या गल्लीत किती धुराड्यांतून धूर निघतो, हे मोजून लिहून आण; मग मागणीच्या आकड्याविषयी बोलू.