पार्टी कुठली हाय?

हिंगोलीत एप्रिलच्या मध्यावर रात्री बाहेर पडलं की गाणं शोधावं लागत नाही, ते अंगावर येतं. 13 एप्रिलच्या रात्री बाराला फटाके, 14 ला मिरवणूक, आणि गांधी चौकापासून इंदिरा गांधी चौकापर्यंत डीजेच्या भिंती. बाबासाहेबांच्या जयंतीचे हे दोन दिवस नाचणाऱ्यांचे. गाणारा माणूस ऐकायचा असेल तर जरा दम धरावा. काही मंडपांत 11 एप्रिललाच, फुले जयंतीला, पेटी उघडलेली असते. पण खरी रांग लागते ती मिरवणूक उरकल्यावर. पुढे मे सरेपर्यंत शहरातल्या वस्त्या आणि हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, औंढा, वसमत या पाचही तालुक्यांतली गावं आपापल्या सोयीने जयंती करतात. जिथे जयंती तिथे बहुधा गायन पार्टी.

ही सोय बघण्यासारखी असते. ऊसतोडीला गेलेली माणसं परतायची असतात. वर्गणी जमायची असते. हळद शिजवून, वाळवून, पॉलिश होऊन बाजारात गेली की मजुराच्या हातात चार पैसे येतात आणि पावतीपुस्तक फिरू लागतं. शिवाय नावाजलेला गायक एक आणि 14 तारीखही एकच. त्याचा तो सगळा आठवडा मोठ्या शहरांनी केव्हाच घेऊन ठेवलेला. छोट्या गावाला मग उरलेल्या तारखा मिळतात आणि उरलेल्या पार्ट्या. माझ्यासारख्या कानसेनाचा सगळा भरवसा या उरलेल्यांवर.

अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात 1987 पासून दर मार्चमध्ये ‘साउथ बाय साउथवेस्ट’ नावाचा महोत्सव भरतो. मनगटाला पट्टा बांधून लोक एका क्लबातून दुसऱ्यात जातात आणि कुणी न ऐकलेले बँड ऐकतात. पुण्याच्या सवाई गंधर्वची रीत वेगळी. 1953 पासून तिथे मंच एक आणि श्रोता बसलेला. आमची तऱ्हा ऑस्टिनकडे झुकणारी, फक्त पट्टा नाही आणि वेळापत्रकही नाही. आहे ते फ्लेक्स. वर बुद्ध, बाबासाहेब, रमाई, मध्ये नेत्यांचे फोटो, खाली समितीतल्या पोरांचे गॉगल घातलेले चेहरे, आणि या सगळ्यातून जागा उरली तर कोपऱ्यात ‘सुप्रसिद्ध गायक अमुक आणि संच’. सुप्रसिद्ध सगळेच असतात. मी त्या ‘आणि संच’कडे बघतो. संचातल्या ढोलकीवाल्याचं नाव स्वतंत्र छापलेलं असेल तर त्या कार्यक्रमाला जायचंच, हा माझा नियम आहे. तो सहसा फसत नाही.

जायचं ते लवकर, माईक टेस्टिंगच्या वेळी. पार्टी बहुतेकदा एका क्रूझर जीपमधून उतरते. आधी पेटी, मग ढोलकी, तबला, ऑक्टोपॅड, कीबोर्ड, आणि कापडात गुंडाळलेला बेंजो. या बेंजोचं मला फार कौतुक आहे. बुलबुल तरंगाचा हा विजेवर चालणारा भाऊ. मूळ वाद्य 1912 मध्ये जपानमधल्या नागोया शहरात गोरो मोरिता यांनी काढलं, ‘ताइशोगोतो’ नावाने. तारांवर टाइपरायटरसारखी बटणं बसवायची कल्पना त्यांची. ते वाद्य हिंदुस्थानात आलं, कव्वालीच्या बैठकीत बसलं आणि तिथून भीमगीतांच्या मंचावर. कीबोर्डने त्याची जागा बरीच खाल्ली. तरीही ज्या पार्टीत बेंजो टिकून आहे तिच्या गाण्याला एक खरखरीत धार असते. कीबोर्डवाला चाल वाजवतो, तर बेंजोवाला गायकाशी भांडतो.

साउंडवाला स्थानिक, पार्टी बाहेरची. पहिला अर्धा तास दोघांची ओळख होण्यात जातो. ‘एको कमी करा’ आणि ‘एको वाढवा’ ही दोन वाक्यं आलटून पालटून ऐकू येतात. जुना गायक वाढवायला सांगतो. नवा पोरगा कमी करा म्हणाला तर कान टवकारावेत. त्याला आपले शब्द पोचवायचे असतात.

पहिल्या तासावरून पार्टी ओळखू येत नाही. त्रिसरण-पंचशील, पाहुण्यांचे सत्कार, मग बुद्धगीत, भीमगीत, रमाईचं गाणं, फुले-शाहू-शिवराय. क्रम सगळीकडे जवळपास हाच, आणि आवाजही. मराठवाड्यात प्रल्हाद शिंदे यांच्या गळ्याची सावली अजून हललेली नाही. 2004 साली ते गेले, पण कॅसेटच्या जमान्यात तो आवाज घराघरांत इतका भिनला की आजचा विशीतला पोरगाही तोंड उघडतो ते त्याच पट्टीत, त्याच कंपासह. त्यांच्या मुलांनी, आनंद आणि मिलिंद शिंदे यांनी, हा वारसा पुढे नेला. नातू आदर्श शिंदे सिनेमात पोचला. नक्कल करणाऱ्याला मी नावं ठेवत नाही. समितीने पैसे मोजलेत, समोरच्या म्हाताऱ्यांना ओळखीचं गाणं हवंय, तासभर नक्कल ही रोजीरोटी आहे. पण दहानंतर चहा येतो, लहान लेकरं पेंगतात, पाहुणे निघून जातात, आणि गायकाला पहिल्यांदा वाटतं की आता आपलं काहीतरी गावं. तिथून पुढचं ऐकायचं.

अडचण अशी की दहा हीच कायद्याची वेळ. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद. वर्षातल्या मोजक्या दिवशी तेवढी बारापर्यंत सूट मिळते. पूर्वी गाण्यांचे सामने पहाटेपर्यंत चालत, आणि जुने लोक रात्रभर रंगलेल्या सवाल-जवाबांच्या गोष्टी अजून सांगतात. आता शहरातला नवा गायक आपल्या गाण्यापर्यंत पोचेतो पोलिसांची गाडी येऊन उभी राहते. काही पार्ट्यांनी त्यावर उपाय काढलाय. बॉक्स बंद करायचे, मंचावरून खाली उतरायचं आणि पेटी-ढोलकीवर मंडपातच बसून गायचं. माझी सगळ्यात चांगली ऐकणी अशाच बैठकींतली आहेत.

हिंगोली ही जुनी छावणी. हैदराबाद कंटिंजंटची फौज इथे होती, म्हणून रिसाला बाजार, पलटन, पेन्शनपुरा अशी वस्त्यांची नावं. या भागातल्या गल्ल्या एकमेकींना इतक्या लागून की एका मंडपातला ठेका दुसऱ्यात शिरतो. दोन मंडपांच्या मधोमध उभं राहिलं की कोणाची ढोलकी ठाम आहे ते झटकन कळतं. पलीकडचा ताल कानावर पडत असताना जो आपली लय सोडत नाही, त्याच्याकडे मी वळतो. समित्या कधी समजुतीने बॉक्सची तोंडं फिरवून घेतात. औंढ्याला नामदेवांना कीर्तनासाठी देवळामागे पाठवलं आणि देऊळच फिरलं, अशी कथा आहे. इथे निदान बॉक्स तरी फिरतात.

पण गायकाची खरी परीक्षा बक्षिसात असते. गाणं ऐन अंतऱ्यात आलेलं असताना कुणीतरी उठतो, वीस रुपयांची नोट पेटीवर ठेवतो आणि कानात नाव सांगतो. ते नाव पुकारायलाच हवं. देणाऱ्याचा मान आहे, आणि ती नोट रात्री संचात वाटली जाणार असते. मग दुसरा उठतो, तिसरा उठतो, कुणी गेलेल्या वडिलांच्या स्मरणार्थ देतो, कुणी लेकराच्या हातून देतो. गाण्याच्या मध्ये अशी सात-आठ नावं येतात. वादक ठेका धरून ठेवतात. आता परत फिरायचंय, आणि मुखड्यावरून सुरू करणं सोपं. कच्चा गायक तेच करतो. श्रोत्यांचा धागा तोवर सुटलेला असतो. पक्का गायक नावं पुकारताना आवाज ठेक्यातच ठेवतो, शेवटच्या नावाला एखादा शेर जोडतो आणि अंतरा जिथे तुटला होता तिथेच, नेमका समेवर उतरतो. कोरसला खुणेचीही गरज पडत नाही. हे कोणत्याही यूट्यूब व्हिडिओत दिसणार नाही, कारण तिथे बक्षिसं कापून टाकलेली असतात.

हे कसब मी अलीकडे पाहिलं ते एका पंचविशीच्या बाईकडे. सेनगाव तालुक्यातलं गाव, विहारासमोर ट्रॉलीचा मंच. ढोलकीवर भाऊ, कोरसला मावशी आणि एक शेजारीण, बेंजोवर एक वयस्कर गृहस्थ. ते दिवसा हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डात हळदीची पोती उचलतात, असं त्यांनीच नंतर सांगितलं. पहिला तास तिने सगळी ओळखीची गाणी गायली, नीट, आणि जराशी घाई करत. मग तिचं स्वतःचं गाणं आलं. पोलीस भरतीसाठी पहाटे डांबरी रस्त्यावर धावणाऱ्या मुलीचं. त्यात बाबासाहेबांचं नाव फक्त शेवटच्या कडव्यात, एकदाच. आवाज मोठा नव्हता आणि वरच्या सुरात थोडा फाटत होता. बायकांच्या बाजूने आधी शांतता, मग एकदम पाच-सहा नोटा. तिने नावं घेतली आणि धावणारी मुलगी जिथे थांबवली होती तिथून पुढे पळवली. माझ्या शेजारच्या आजोबांनी मागे वळून विचारलं, “पार्टी कुठली हाय?” हा प्रश्न आला म्हणजे पार्टी पास. गाणं पडलं तर पार्टी कुठली हे कुणी विचारत नाही.

स्वतःचं गाणं लिहिणं ही या परंपरेची मूळ अट होती. सत्यशोधक जलशांतून आंबेडकरी जलसा निघाला. नाशिककडे भीमराव कर्डक यांनी तो गावोगाव नेला. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक मोठेपणी मुंबईत अक्षरं शिकले, 3 मे 1943 रोजी पहिलं गाणं लिहिलं आणि मग 2004 मध्ये जाईपर्यंत हजारो लिहिली. लिहिणारा आणि गाणारा एकच, चाल लोकांच्या ओळखीची, विषय कालचा-परवाचा. मराठवाड्यात तर 1978 ते 1994 अशी सोळा वर्षं विषय समोर येऊन उभा होता: विद्यापीठाचं नामांतर. नामांतराच्या लढ्यातल्या पोचीराम कांबळे, गौतम वाघमारे यांच्यावरची गाणी शेजारच्या नांदेडातून इकडे आली आणि अजून गायली जातात. ती गाणारी आजची पोरं त्यानंतर जन्मलेली. त्यांच्या तोंडी ती गाणी कधी पाठ केलेली वाटतात, कधी आजचीच. याचा उलगडा मला नीट झालेला नाही. बहुधा गाव कोणतं आणि समोर कोण बसलंय यावर ते ठरत असावं.

दुरंगी सामन्यांबद्दल मात्र माझं मत स्वच्छ आहे. एक गायक, एक गायिका, सवाल आणि जवाब, ‘जंगी मुकाबला’ असा फ्लेक्स. गर्दी याला सर्वात जास्त. चांगल्या सामन्यात सवाल इतिहासातला असतो: महाड कधी, काळाराम कधी, पुणे करार कशासाठी. चुकलं की समोरची बाजू तिथल्या तिथे कवनात दुरुस्त करते. आता पुष्कळदा सवाल बाईच्या साडीवर आणि जवाब बुवाच्या पोटावर. टाळ्या मिळतात. नवी पार्टी या सापळ्यात लवकर अडकते, कारण सामन्याची बिदागी एकट्या कार्यक्रमापेक्षा बरी असते.

मोबाइलने शोधण्याची रीत बदलली हे खरं. कडुबाई खरात एकतारीवर गात दारोदार फिरत; एका व्हिडिओने त्या महाराष्ट्राला माहीत झाल्या. तेव्हापासून प्रत्येक मंचासमोर दहा हात मोबाइल धरून उभे असतात आणि प्रत्येक नव्या गायकाला वाटतं की यातला एक आपला. यातून काहीजणांची खरंच चांदी झाली. पण मोबाइलवर पोचतं ते दोन मिनिटांचं गाणं, आणि पार्टीची ताकद असते चार तास गाव बसवून ठेवण्यात. म्हणून गावातले जाणते अजून व्हिडिओवर तारीख देत नाहीत. ते शेजारच्या गावी जाऊन, मागे उभं राहून ऐकतात.

सेनगावच्या त्या रात्रीही असे तिघे आलेले होते, कळमनुरीकडच्या एका समितीचे. वायरी गुंडाळणं सुरू असतानाच त्यांनी बेंजोवाल्या काकांना गाठलं. काकांनी खिशातून घडी घातलेली वही काढली, बॅटरीच्या उजेडात पानं चाळली.

“पौर्णिमेला हायत मोकळे. पुढचं कायबी नाही, लग्नाच्या तारखा हायत.”

“किती घेता?”

काकांनी आकडा सांगितला. तिघांनी एकमेकांकडे बघितलं. वर्गणी तेवढी व्हायची नव्हती. बाई मंचावरून खाली उतरली होती, माईकची पिशवी काखेत. “गाडीभाडं वेगळं,” ती म्हणाली, “आन् जेवण सात माणसांचं. बाकी बक्षीस पडंल ते आमचं.” समितीवाल्याने पाचशेची नोट सुपारी म्हणून काढली, आणि काकांनी वहीत गावाचं नाव लिहून त्याच्यापुढे ‘बॉक्स तुमचे’ असं लिहिलं.