पायऱ्या उतरून जायचे दीपगृह

दीपगृह म्हटले की उंच मनोरा आणि आतला गोल जिना डोळ्यांसमोर येतो. कॅलिफोर्नियातील पॉइंट रेज येथे मात्र आम्हाला तीनशेहून अधिक पायऱ्या उतराव्या लागल्या! सॅन फ्रान्सिस्कोच्या वायव्येला समुद्रात दूरवर घुसलेले हे खडकाळ भूशिर. माथा समुद्रसपाटीपासून सुमारे १८० मीटर उंच. दीपगृह मात्र सुमारे ९० मीटरवर, कडा सुरुंगाने फोडून केलेल्या जागेत. माथा मोकळा असताना हा खटाटोप कशासाठी?

उंचीचा फायदा आधी पाहू. मीटरमधील उंचीच्या वर्गमुळाला ३.५७ ने गुणले की क्षितिजाचे अंतर किलोमीटरमध्ये मिळते. (पृथ्वीची त्रिज्या ६३७० किलोमीटर धरून, पायथागोरसच्या सिद्धांतावरून दहावीचे विद्यार्थी हे सूत्र स्वतः काढू शकतील.) १८० मीटरसाठी उत्तर येते ४८, ९० मीटरसाठी ३४. उंची निम्मी झाली तरी अंतर निम्मे होत नाही, हे खरे. पण १४ किलोमीटर गेलेच.

ते गेले धुक्यापायी. या किनाऱ्यालगत वाऱ्यामुळे वरचे पाणी खुल्या समुद्राकडे लोटले जाते व खालचे थंड पाणी वर येते. त्यावरून येणारी दमट हवा थंडावते आणि धुके धरते. पुष्कळदा हे धुके पाण्याला टेकत नाही, वरच तरंगते. माथ्यावरचा दिवा नेमका त्यातच बुडाला असता, आणि खालून जाणाऱ्या जहाजाला खडक कळला असता तो आपटल्यावर. आम्ही गेलो तेव्हाही माथ्यावर पुढचा माणूस दिसत नव्हता. शंभरेक पायऱ्या उतरलो आणि लाटांचा फेस स्पष्ट दिसू लागला. धुके पाण्यालाच टेकले तर मात्र दिव्याचा उपयोग नाही. तेव्हा भोंगा वाजे.

दिवा प्रथम लागला १ डिसेंबर १८७० रोजी. त्याचे फ्रेनेल भिंग फ्रान्समध्ये बनलेले. प्रकाश वळतो तो काचेच्या पृष्ठभागावर. मधली जाडी नुसते ओझे. फ्रेनेलने ती काढून टाकून भिंगाची कडी-कडी वेगळी केली. येथे हजाराहून अधिक काचांचे २४ फलक आहेत. प्रत्येक फलकाचा एक झोत. वजनावर चालणाऱ्या घड्याळी यंत्राने भिंग फिरे आणि खलाशांना दर ५ सेकंदांनी एक लखलखाट दिसे. एका फेरीला किती वेळ लागत असेल, हे मुलांनाच विचारा.

१९७५ मध्ये स्वयंचलित दिवा आला. भिंग जागेवरच आहे. नवा दिवाही माथ्यावर नेलेला नाही, तो जुन्याच्या किंचित खालीच बसवला आहे.